स्टार्टअपची ऑफर स्वीकारण्याआधी आतलं वातावरण कसं तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात हिंजवडीतल्या एका मोठ्या सर्व्हिस कंपनीत सहा वर्षं काम केलेल्या डेव्हलपरला बाणेरमधल्या साधारण ४५ माणसांच्या प्रॉडक्ट स्टार्टअपमधून ऑफर आली आहे. पॅकेज ३० लाखांचं, त्यात २४ लाख पगार आणि ६ लाखांचे ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर पुढे ठरलेल्या किमतीला घ्यायचा हक्क. फाउंडर भेटले तेव्हा मोकळे वाटले. पण ऑनलाइन रिव्ह्यू वाचले तर निम्म्यांनी पाच तारे दिलेत आणि निम्म्यांनी एक. आत नक्की काय चालतं हे बाहेरून कसं कळणार?

बरंचसं कळतं. पण त्यासाठी 'तिथलं कल्चर कसं आहे?' हा प्रश्न सोडून द्यावा लागतो, कारण त्याला उत्तर म्हणून फक्त विशेषणं मिळतात. आपल्याला हव्यात तारखा, आकडे आणि घडलेल्या गोष्टी.

रिव्ह्यूंपासून सुरुवात करू. ताऱ्यांची सरासरी बाजूला ठेवा आणि सगळे रिव्ह्यू तारखेप्रमाणे लावा. एकाच आठवड्यात सात-आठ पाच तारेवाले रिव्ह्यू पडले असतील, सगळ्यांत 'शिकायला खूप मिळतं' आणि 'मॅनेजमेंट सपोर्टिव्ह आहे' असंच असेल, आणि तोट्यांच्या रकान्यात 'काही नाही' असेल, तर ते एचआरने सांगून लिहून घेतलेले असण्याची शक्यता मोठी. त्याच्या पंधरा-वीस दिवस आधी एखादा जळजळीत एक ताऱ्याचा रिव्ह्यू पडलाय का, तेही पाहा. मात्र एक ताऱ्याचा रिव्ह्यूसुद्धा आहे तसा गिळू नका. 'टॉक्सिक' या शब्दातून काहीच हाती लागत नाही. 'अप्रेझल दोनदा पुढे ढकललं', 'फुल अँड फायनल (नोकरी सोडतानाचा शेवटचा हिशेब) चार महिने रखडलं', 'रजा मंजूर करून आदल्या रात्री रद्द केली' यातून लागतं. वेगवेगळ्या विभागांतल्या लोकांनी, वेगवेगळ्या महिन्यांत एकच तपशील लिहिला असेल तर तो खरा धरून चला. आणि दीड-दोन वर्षांपेक्षा जुन्या रिव्ह्यूंना फार महत्त्व देऊ नका. १५ माणसांची कंपनी आणि ४५ माणसांची कंपनी या दोन वेगळ्या कंपन्या असतात, नाव तेच असलं तरी.

रिव्ह्यूंपेक्षा लिंक्डइन जास्त खरं बोलतं, कारण तिथे लोक मत लिहीत नाहीत, तारखा लिहितात. त्या कंपनीतून बाहेर पडलेल्या वीसेक जणांची यादी करा, इंटर्न आणि कॉन्ट्रॅक्टवाले वगळा, आणि प्रत्येकाने किती महिने काढले ते पुढे लिहा. बरेच जण १३व्या-१४व्या महिन्यात गेले असतील तर त्याचा अर्थ सरळ आहे: वर्ष पुरं होऊन ईसॉपचा पहिला हप्ता हातात पडेपर्यंत थांबले आणि निघाले. सहा-आठ महिन्यांत जाणारे जास्त असतील तर भरतीच्या वेळी सांगितलेलं काम आणि प्रत्यक्षातलं काम यात तफावत आहे. एकाच पदावर, समजा 'इंजिनिअरिंग मॅनेजर' किंवा 'प्रॉडक्ट हेड', दोन वर्षांत तिसरा माणूस असेल तर दोष त्या खुर्चीच्या वर शोधायचा. उलट, पहिल्या पाच-सहा इंजिनिअरांपैकी तीन-चार अजून तिथेच असतील तर ती मोठी जमेची बाजू आहे.

आता मूळ मुद्दा, आणि त्यावर मी थोडा जास्त थांबणार आहे. स्टार्टअपमधलं वातावरण बिघडतं त्यामागे बहुतेक वेळा एकच यंत्रणा काम करत असते: वाईट बातमी वर पोहोचणं बंद होतं. १५ माणसं असतात तेव्हा फाउंडर सगळ्यांच्या शेजारी बसलेला असतो. सर्व्हर पडला, ग्राहक चिडला, नव्या आवृत्तीचं रिलीज लांबलं, हे त्याला त्याच क्षणी दिसतं. ३०-४० माणसं झाली की मध्ये लीड आणि मॅनेजर येतात आणि बातमी त्यांच्या तोंडून जायला लागते. फाउंडरने पहिल्या दोन-तीन वेळा बातमी आणणाऱ्यालाच सगळ्यांसमोर झापलं, तर तिथून पुढे तो मॅनेजर शहाणा होतो. दर सोमवारच्या अहवालात प्रोजेक्ट हिरवा, म्हणजे वेळेवर दिसतो, सात आठवडे हिरवा राहतो आणि शेवटच्या आठवड्यात एकदम लाल होतो. मग शनिवार-रविवार सगळ्यांना बोलावलं जातं. बाहेरून हे 'कामाचा ताण' म्हणून दिसतं, पण ताणाचं कारण काम जास्त असणं नसून दुसऱ्याच आठवड्यात माहीत असलेली गोष्ट आठव्या आठवड्यात सांगितली जाणं हे असतं. फाउंडरलाही वाटायला लागतं की आपण लक्ष घातल्याशिवाय काहीच होत नाही. तो प्रत्येक निर्णय स्वतःकडे ओढतो, मॅनेजरच्या हातात काही उरत नाही, आणि चांगले मॅनेजर आधी निघून जातात. राहतात ते हो ला हो करणारे.

म्हणून मुलाखतीत तुम्ही विचारायचे प्रश्न याच जागी नेम धरून विचारा. फाउंडरला किंवा सीटीओला (तंत्रज्ञान विभागाच्या प्रमुखाला) विचारा: 'गेल्या सहा महिन्यांत टीमने तुमचं कोणतं मत बदलायला लावलं?' ज्याच्याकडे असं काही घडतं तो माणूस दहा सेकंदांत एखादा किस्सा सांगतो, कोणी काय मांडलं आणि आपण कुठे चुकलो हे सहज सांगतो. ज्याच्याकडे घडत नाही तो 'आमच्याकडे फ्लॅट स्ट्रक्चर आहे, कोणीही माझ्याशी बोलू शकतं' असं म्हणतो. बोलू शकतं हे खरं असेलही, पण बोलून काय झालं हे तुम्ही विचारलं होतं. दुसरा प्रश्न: 'शेवटचं मोठं रिलीज लांबलं तेव्हा ते लांबणार हे तुम्हाला किती दिवस आधी कळलं?' तीन आठवडे आधी कळलं असेल तर उत्तम. आदल्या दिवशी कळलं आणि त्याचा दोष ते एका माणसावर टाकत असतील तर वर सांगितलेली यंत्रणा तिथे सुरू झाली आहे. तिसरा प्रश्न टीम लीडला, फाउंडर समोर नसताना विचारा: 'या तिमाहीचं उद्दिष्ट सुरू झाल्यापासून किती वेळा बदललं?' एकदा बदलणं स्टार्टअपमध्ये चालायचंच. दर पंधरा दिवसांनी बदलत असेल तर तुमचं अर्धं काम कचऱ्यात जाईल आणि अप्रेझलच्या वेळी 'इम्पॅक्ट दिसला नाही' असं ऐकावं लागेल.

प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिममध्ये, गोंधळ झाल्यावर लिहिला जाणारा पोस्टमॉर्टेम हा सगळ्यात बोलका कागद. नावं आणि ग्राहकांचा तपशील झाकून एखादा दाखवाल का, असं विचारा. बऱ्याच कंपन्या दाखवतात. त्यात 'अमुकने चुकीची स्क्रिप्ट चालवली' इथेच विषय संपला असेल तर लोक पुढच्या वेळी चूक लपवतील. 'स्क्रिप्ट थेट प्रॉडक्शनवर चालवता येत होती, तपासणीची पायरी नव्हती, आता ती घातली आहे, जबाबदारी अमुक टीमची, तारीख ही' असं असेल तर तिथे डोकं थंड ठेवून काम करणारी माणसं आहेत. पोस्टमॉर्टेम लिहितच नसतील, तर त्याच चुका दर दोन महिन्यांनी नव्याने होत असणार.

भिंतीवर लिहिलेल्या मूल्यांना किती किंमत द्यायची, याचं ठळक उदाहरण म्हणजे २०१७ मधली उबर. कंपनीची चौदा मूल्यं होती, त्यात सतत धडपडत राहा आणि गरज पडली तर दुसऱ्याच्या पायावर पाय द्या, अशा अर्थाचीही होती. त्या फेब्रुवारीत सुझन फाउलर या माजी इंजिनिअर महिलेने आपला अनुभव जाहीरपणे लिहिला: मॅनेजरविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केल्यावर एचआरने सांगितलं की ही त्याची पहिलीच चूक आहे आणि तो फार चांगलं काम करणारा आहे. नंतर इतर महिलांशी बोलल्यावर त्यांना कळलं की त्याच माणसाविरुद्ध आधीही तक्रारी झाल्या होत्या. पुढे चौकशी झाली, वीसहून जास्त लोकांना काढण्यात आलं आणि जूनमध्ये सीईओ ट्रॅव्हिस कॅलनिक यांना पद सोडावं लागलं. उत्तम काम करणारा माणूस इतरांशी वाईट वागला तर कंपनी काय करते, हा प्रश्न म्हणूनच माजी कर्मचाऱ्यांना हमखास विचारायचा. त्याचं उत्तर म्हणजे त्या कंपनीची खरी मूल्यं.

आपल्याकडे याला कायद्याची जोडही आहे. २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि एक सदस्य कंपनीबाहेरचा. ४५ माणसांच्या कंपनीला यातून सूट नाही. एचआरला समितीच्या सदस्यांची नावं विचारा. लगेच सांगता आली तर ठीक. 'ते पॉलिसीत आहे, बघून सांगते' असं उत्तर आलं तर समिती कागदावरच आहे, असं समजायला हरकत नाही. हा प्रश्न पुरुषांनीही विचारावा. महिलांनीच का विचारायचा?

माजी कर्मचाऱ्यांशी बोलताना तिघांशी बोला: एक नुकताच गेलेला, एक वर्षापूर्वी गेलेला आणि एक तुम्ही जाणार त्याच टीममधला. लिंक्डइनवर दोन ओळींचा मेसेज, 'पंधरा मिनिटं बोलू शकाल का, नाव कुठे येणार नाही' एवढा पुरतो. मराठी माणूस असेल तर बहुधा फोनच करतो. त्यांना मत विचारू नका. हे विचारा: राजीनामा दिल्यावर वागणूक बदलली का? फुल अँड फायनल किती दिवसांत आलं? रिलीव्हिंग लेटर अडवलं का? पीएफ दर महिन्याला पासबुकात दिसायचा का? गौरी-गणपतीच्या आठवड्यात रजा मिळायची की नेमकं तेव्हाच रिलीज असायचं? हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण सणांच्या तारखा वर्षभर आधी माहीत असतात. त्या धरून वेळापत्रक आखणारी कंपनी बाकीचंही नीट आखते.

'आम्ही सगळे एक फॅमिली आहोत' हे वाक्य कानावर पडलं की हिशेबाचे प्रश्न जास्त बारकाईने विचारा. घरात कोणी ओव्हरटाइम मागत नाही, म्हणूनच हे वाक्य वापरलं जातं.

वेळेबद्दल दोन गोष्टी. अमेरिकी ग्राहक असतील तर नेमका कुठला किनारा ते विचारा. कॅलिफोर्नियातल्या सकाळी ९च्या मीटिंगला उन्हाळ्यात पुण्यात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेदहा. आठवड्यातून एक असेल तर निभतं. रोज असेल तर सकाळी स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग) किती वाजता आहे हे विचारा. रात्री साडेअकराला संपवून सकाळी साडेनऊला परत हजर, हे सहा महिन्यांत माणसाला पोखरतं. दुसरी गोष्ट ऑन-कॉल, म्हणजे रात्री-अपरात्री सिस्टिम बिघडली तर फोन घ्यायची पाळी. पाळी किती जणांत फिरते? सहा जण असतील तर दर दीड महिन्याला एक आठवडा येतो, जगता येतं. तीन जण असतील तर दर तिसरा आठवडा तुमचा आणि एखादा रजेवर गेला की दर दुसरा. रात्री सरासरी किती वेळा फोन वाजतो आणि दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा आहे का, हेही विचारा. आकडा माहीत नसेल तर कोणी मोजत नाही, आणि मोजत नाहीत ते कमीही करत नाहीत.

आता पैसा. कंपनीजवळचा पैसा संपत आला की चांगल्या स्वभावाचा फाउंडरही वाईट वागायला लागतो, म्हणून वातावरणाचा अंदाज पैशाशिवाय अपुरा राहतो. सरळ विचारा: 'रनवे किती महिन्यांचा आहे?', म्हणजे हातातला पैसा किती महिने पुरेल. हिशेब सोपा आहे. बँकेत १२ कोटी आणि दर महिन्याला निव्वळ खर्च ८० लाख, म्हणजे १५ महिने. नवीन गुंतवणूक उभी करायला सहा महिने सहज जातात. त्यामुळे नऊ महिन्यांपेक्षा कमी रनवे असेल तर तुम्ही रुजू झाल्यावर लवकरच कपातीची चर्चा सुरू होऊ शकते. आकडा सांगायला नकार देणं समजू शकतं, पण 'त्याची काळजी नको' एवढ्यावर बोळवण झाली तर ताळेबंद स्वतः पाहा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर नाममात्र शुल्क भरून कोणत्याही नोंदणीकृत कंपनीची सादर झालेली कागदपत्रं बघता येतात. एवढं लक्षात ठेवा की ते आकडे मार्चअखेरचे असतात आणि ऑक्टोबरच्या सुमाराला सादर होतात, म्हणजे हातात येतात तेव्हाच सात महिने जुने. वेळेवर सादरच केले नसतील तर तीही माहितीच.

पैसे आटतात तेव्हा सहसा ठरावीक क्रमाने गोष्टी थांबतात. आधी पुरवठादारांची बिलं, मग पीएफ आणि टीडीएस, मग वरिष्ठांचे पगार, शेवटी सगळ्यांचे. पगार खात्यात येत असतो म्हणून कर्मचारी निर्धास्त असतात आणि दुसरी पायरी त्यांच्या लक्षातच येत नाही. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, टीडीएस ७ तारखेपर्यंत, फक्त मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. रुजू झाल्यावर दर महिन्याच्या अखेरीस उमंग ॲपवर पासबुक आणि दर तिमाहीनंतर प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर कापलेला कर तपासायची सवय लावा. स्लिपवर कापलेली रक्कम दोन महिने पासबुकात आली नाही तर एचआरला लेखी विचारा आणि त्याच दिवशी बायोडेटा अद्ययावत करा.

ईसॉपचे ६ लाख सध्या शून्य धरा आणि ऑफर २४ लाखांची आहे असं समजून निर्णय घ्या. त्या सहा लाखांबद्दल चार आकडे लेखी मागा: ऑप्शन किती, एकूण शेअर किती, शेअर विकत घ्यायची किंमत किती, आणि नोकरी सोडल्यावर ते घ्यायला किती दिवस. ही मुदत बऱ्याच ठिकाणी ९० दिवसांची असते आणि खरी मेख तिथे आहे. समजा तुमच्याकडे ४,००० ऑप्शन (एका शेअरचा हक्क म्हणजे एक ऑप्शन) तयार आहेत, घ्यायची किंमत शेअरमागे १० रुपये आणि त्या दिवशीचं मूल्यांकन ५०० रुपये. तर ४० हजार भरून शेअर घेताना फरकाचे १९ लाख ६० हजार तुमच्या पगारात धरले जातात आणि तीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह कर सहा लाखांच्या आसपास जातो. हातात येतो तो कागद, जो विकायला बाजार नाही. हा कर नंतर भरायची सवलत आहे, पण ती ठरावीक सरकारी प्रमाणपत्र मिळालेल्या स्टार्टअपनाच, आणि नोकरी सोडली की तीही संपते. ज्या कंपन्या शेअर घ्यायची ही ९० दिवसांची मुदत काही वर्षांपर्यंत वाढवून देतात, त्यांना जाणाऱ्या माणसाबद्दलही आदर आहे असं मी मानतो. ईसॉप मिळाल्यापासून पहिलं वर्ष पुरं होण्याआधी काहीच तुमचं होत नाही. हे कायद्यातलंच बंधन आहे, त्यात कंपनीचा दोष नाही.

नियुक्तीपत्रात नोटीस पिरियड बघा. ९० दिवस लिहिले असतील तर सहीच्या आधी ६० करून मागा. सही झाल्यावर कोणी बदलत नाही. कंपनीने तुम्हाला काढायचं ठरवलं तर तिच्यावरही तेवढेच दिवस बंधनकारक आहेत का, हे वाचा. तुमच्यासाठी ९० आणि त्यांच्यासाठी १५ असं असेल तर नेतृत्वाचा दृष्टिकोन त्या एका कलमात दिसतो. 'सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जायचं नाही' या कलमाने घाबरू नका. भारतीय करार कायद्याच्या कलम २७मुळे नोकरी संपल्यानंतरचं असं बंधन सहसा टिकत नाही. गोपनीयतेचं कलम मात्र टिकतं. कोड, ग्राहकांची माहिती, अंतर्गत कागद यातलं काहीही स्वतःच्या मेलवर पाठवू नका. पगाराच्या स्लिपा, नियुक्तीपत्र आणि ईसॉपचं पत्र मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःकडे ठेवा, कारण राजीनामा दिल्यावर लॅपटॉप तासाभरात बंद होऊ शकतो.

हे सगळं तपासूनही रुजू झालात, तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक छोटी वाईट बातमी स्वतःहून, वेळेआधी आणि लेखी द्या. 'हे गुरुवारी होणार नाही, सोमवारी होईल. पेमेंट गेटवेची टेस्ट की मिळालेली नाही' इतकी साधी. मग काय होतं ते बघा. 'ओके, की कोणाकडे अडकली आहे?' असं विचारून कोणी ती सोडवायला उठला, तर योग्य जागी आला आहात. 'ते मला माहीत नाही, गुरुवारीच पाहिजे' असं आलं, तर आणखी दोनदा, वेगवेगळ्या माणसांपाशी हेच करून बघा. एखादा मॅनेजरच तसा असू शकतो आणि मग टीम बदलून भागतं. तिन्ही वेळा तेच घडलं, तर प्रोबेशन संपण्याच्या आत निर्णय घ्या. तेव्हा नोटीस बहुधा १५ किंवा ३० दिवसांची असते; कायम झाल्यावर ती ६० किंवा ९० होते.